एचआयव्हीचा कलंक मोजायचा आहे? परदेशी प्रश्नावली मराठीत आणण्याआधी हे वाचा

एमएसडब्ल्यूची, कम्युनिटी मेडिसिनची, मानसशास्त्राची मुलं-मुली दर वर्षी प्रबंधाचे विषय ठरायच्या सुमारास फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, एचआयव्ही स्टिग्माची मराठी स्केल आहे ना तुमच्याकडे? पाठवाल का?" स्टिग्मा म्हणजे कलंक, आणि स्केल म्हणजे तो मोजायची प्रश्नावली. पाठवते. पण त्यासोबत तासभर बोलावंही लागतं, कारण नुसता कागद घेऊन गेलेल्यांचं पुढे काय होतं हे मी अनुभवलं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन जिल्ह्यांत एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राला, येणाऱ्या लोकांसोबत आम्ही हे काम केलं तेव्हा चौदा महिने लागले. त्यातले पहिले चार महिने फुकट गेले. त्या चार महिन्यांत गोळा केलेले सगळे फॉर्म बाजूला ठेवावे लागले, आणि ज्यांनी विश्वासाने उत्तरं दिली होती त्यांचा वेळ आपण वाया घालवला याचं आजही वाईट वाटतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. कुणाच्या बाजूचा कलंक मोजायचा ते आधी ठरवा

"स्टिग्मा मोजायचा आहे" एवढ्यावर काम सुरू करू नका. एक बाजू समाजाची आहे: बाकीच्यांना एचआयव्ही असलेल्या माणसाबद्दल काय वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हेच विचारतात. भाजीवाल्याला एचआयव्ही आहे हे माहीत असेल तर त्याच्याकडून ताजी भाजी घ्याल का, हा त्यातला प्रसिद्ध प्रश्न. दुसरी बाजू ज्याला एचआयव्ही आहे त्याची: त्याच्या वाट्याला काय आलं, त्याला काय वाटतं. दोन्ही बाजूंच्या प्रश्नावल्या वेगळ्या, आकडेही वेगळे. त्यांची बेरीज करू नका.

दुसऱ्या बाजूचे पुन्हा चार प्रकार आहेत. ही मांडणी बेंगळुरूमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासामुळे आपल्याकडे रुळली. मी त्यांना मराठीत असं म्हणते:

- घडलेला: घरातून काढलं, दवाखान्यात हात लावला नाही, कामावरून कमी केलं.
- ऐकलेला: "शेजारच्या गावात एकाला असं झालं म्हणे" हे कानावर आलेलं.
- धास्तीचा: कळलं तर लोक काय करतील याचा अंदाज.
- मुरलेला: आपणच वाईट, आपल्यामुळेच झालं, असं स्वतःला वाटणं.

यातला "ऐकलेला" प्रकार आपल्याकडे सोडून चालणार नाही. बऱ्याच जणांना प्रत्यक्ष कुणी काही केलेलं नसतं, पण गावात कुणाचं तरी अंथरूण-पांघरूण मेल्यावर जाळलं, ही एक गोष्ट त्यांना पंधरा वर्षं गप्प बसवायला पुरेशी होते.

आता "कलंक" या शब्दाबद्दल. लेखात तो ठीक आहे, मीही वापरते आहे. प्रश्नावलीत मात्र घालू नका. बोलण्यात कलंक लागतो तो घराण्याला किंवा चारित्र्याला. "तुम्हाला कलंक जाणवतो का?" असं एका बाईंना विचारलं तेव्हा त्या ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "मी तसली बाई नाही." त्यांना आपल्या वागणुकीवर शंका घेतल्यासारखं वाटलं होतं. लोकांच्या तोंडी असतं ते नावं ठेवणं, बोल लावणं, हिणवणं, तोडून वागणं, लांब बसणं, तोंड दाखवायला जागा न उरणं. आजाराचंही तसंच. कितीतरी जण एचआयव्ही हा शब्द उच्चारतच नाहीत. "हा आजार", "आपलं ते", किंवा नुसतं "गोळ्या चालू आहेत". हे शब्द पहिल्या दिवसापासून वहीत टिपत जा.

२. स्केल निवडा, पण तिचं गाव विचारा

प्रत्येक प्रश्नावली कुठल्या तरी जागेत, कुठल्या तरी माणसांसोबत जन्मलेली असते. नेहमी भेटणाऱ्या अशा:

बर्गर यांची स्केल (२००१). अमेरिकेत तयार झाली. ४० वाक्यं, चार पर्याय, त्यामुळे एकूण गुण ४० ते १६०. चार उपविभाग: स्वतःच्या वाट्याला आलेला कलंक, सांगण्याबद्दलची काळजी, स्वतःबद्दलची वाईट प्रतिमा आणि लोकांच्या दृष्टिकोनाची चिंता. एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. उपविभागांत अनुक्रमे १८, १०, १३ आणि २० वाक्यं आहेत. बेरीज ६१ होते, कारण काही वाक्यं एकाहून जास्त विभागांत मोजली जातात. म्हणजे दोन विभागांचा एकमेकांशी संबंध दिसला, तर त्यातला काही भाग त्या सामाईक वाक्यांमुळेच असतो. प्रबंधात तो "शोध" म्हणून मांडू नका. या स्केलची छोटी रूपंही निघाली आहेत.

होल्झेमर आणि सहकाऱ्यांची (२००७). लेसोथो, मलावी, दक्षिण आफ्रिका, स्वाझीलँड (आताचं एस्वातिनी) आणि टांझानिया या पाच देशांत बांधलेली. ३३ वाक्यं, सहा घटक: शिवीगाळ-टोमणे, स्वतःबद्दल वाईट मत, दवाखान्यातली हेळसांड, एकटं पाडणं, लागण होण्याची भीती, कामाच्या जागेवरचा भेदभाव. विचारायचं ते प्रसंगांबद्दल, म्हणून आपल्याकडच्या खेड्यांत ती मला जास्त जवळची वाटली.

कॅलिचमन यांची सहा वाक्यांची (२००९). दक्षिण आफ्रिका, स्वाझीलँड आणि अमेरिकेत तपासलेली, फक्त मुरलेल्या कलंकासाठी. एका माणसाचा प्रबंध असेल आणि हाती सहा महिने असतील तर हिच्यापासून सुरुवात करा. सोबत घडलेल्या कलंकाची सात-आठ वाक्यं घ्या. चाळीस वाक्यं विचारून होईस्तोवर त्या माणसाची परतीची एसटी निघून जाते.

स्टिग्मा इंडेक्स. २००८ पासून शंभराहून अधिक देशांत वापरलेला. यात मुलाखती एचआयव्हीसोबत जगणारी माणसंच घेतात, आणि ते काम त्यांच्या संघटनांमार्फत चालतं. मूळ मुद्दाच तो आहे. त्यातली पाच-दहा वाक्यं उचलून "आम्ही इंडेक्स वापरला" असं लिहू नका.

स्केल ठरली की मूळ लेखकांना ईमेल करून परवानगी मागा. बहुतेक जण आनंदाने देतात, आणि त्या भाषेत आधी कुणी काम केलं असेल तर तेही सांगतात.

३. कागदपत्रं

फील्डवर जाण्याआधी हातात हवेत:

- मूळ लेखकांची लेखी परवानगी
- संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी (आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचून जा)
- सरकारी एआरटी सेंटरमध्ये काम करणार असाल तर राज्य एड्स नियंत्रण संस्थेची परवानगी. मुंबईत शहराची वेगळी संस्था आहे
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, सोप्या मराठीत
- मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने सही केलेला गुप्ततेचा करार
- मुलाखतीत कुणी खचलं तर कुठे पाठवायचं याची यादी: काउन्सिलर, मानसोपचार ओपीडी, कायदेशीर मदत
- सांकेतिक क्रमांकांची वही, फॉर्मपासून वेगळ्या कपाटात

परवान्यांना वेळ लागतो. तीन महिने धरा.

कायदाही माहीत असू द्या. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संशोधनासाठीसुद्धा त्या माणसाची समजून दिलेली संमती लागते, आणि त्याची स्थिती दुसऱ्याला सांगण्यावर बंधन आहे. तुमच्या गाइडला, मैत्रिणीला, टायपिंग करून देणाऱ्यालाही नाही.

इथला खड्डा: आमच्या माहितीपत्रकाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत "एचआयव्ही" होतं आणि नियमाप्रमाणे त्याची एक प्रत आम्ही प्रत्येकाच्या हातात देत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका ताईंनी तो कागद बारीक घडी घालून टेबलावरच ठेवला. म्हणाल्या, "हे घरी नेऊन कुठं ठेवू? पिशवी सासूबाई उघडतात." तोवर किती जणांच्या पिशव्यांतून तो कागद घरी गेला असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. कमिटीकडे परत गेलो आणि मथळा "आरोग्य आणि कुटुंब याबद्दलचा अभ्यास" असा करून घेतला. आजाराचं नाव फक्त तोंडी समजावणीत ठेवलं. सहीऐवजी साक्षीदारासमोर तोंडी संमतीची मुभाही मागितली, कारण एचआयव्हीच्या अभ्यासातल्या कागदावरची सही हाच एक पुरावा होतो. प्रवासखर्चाचं व्हाउचर, फोनवर जाणारा मेसेज, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता, सगळीकडे हीच नजर ठेवा.

४. भाषांतर

प्रचलित पद्धत अशी: दोघांनी एकमेकांना न विचारता मराठी करायचं, एकाला विषय माहीत असावा आणि एकाला नसावा. मग दोन्ही समोर ठेवून एक मसुदा. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दोघांकडून तो मसुदा परत इंग्रजीत. शेवटी समितीने सगळं समोर घेऊन बसायचं. समितीत भाषेचा माणूस, आकडेवारीचा माणूस, एआरटीचा काउन्सिलर आणि स्वतः एचआयव्हीसोबत जगणारे किमान दोघं, एक बाई आणि एक पुरुष, हवेतच. ते दोघं नसतील तर बैठक पुढे ढकला.

परत-भाषांतर जुळलं की सगळं जुळलं, असा समज आहे. तो सोडा. बर्गर आणि कॅलिचमन दोघांकडेही एचआयव्हीमुळे स्वतःबद्दल घाण वाटतं अशा अर्थाचं वाक्य आहे. आमच्या भाषांतरकाराने सभ्य शब्द निवडला: "मला अस्वच्छ वाटतं". परत इंग्रजी झालं, मूळ अर्थाच्या अगदी जवळ. समिती खूश. फील्डवर एका आजींना वाचून दाखवलं. त्या जरा दुखावून म्हणाल्या, "रोज आंघोळ करते बाई मी. लुगडंबी धुतलेलंच असतंय." मग त्यांच्याशी बोलता बोलता शब्द मिळाला तो त्यांच्याच तोंडून: "स्वतःची किळस येते." वाक्य तेच ठेवलं.

५. वाक्य ऐकवा आणि विचारा: यातून काय समजलं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. फॉर्म भरायचा नाही. एकेक वाक्य वाचायचं आणि विचारायचं: हे ऐकून तुमच्या मनात काय आलं? तुमच्या शब्दांत सांगा. "लोक" म्हटल्यावर कोण डोळ्यांसमोर आलं? उत्तर "हो" दिलंत, ते कशाच्या आठवणीने? प्रचलित मार्गदर्शनात ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी सांगतात. मी म्हणेन, त्याआधी आठ-दहा जणांशी असं निवांत बसा, वाक्यं बदला, आणि पुन्हा आठ-दहा जणांशी बसा. आम्हाला काय काय सापडलं ते सांगते; यातलं बरंच तुम्हालाही सापडेल.

*मैत्रिणी.* "सांगितल्यामुळे मित्रमैत्रिणी दुरावल्या" या अर्थाचं वाक्य अमेरिकेत चालतं. इथे लग्न होऊन आलेल्या बाया म्हणाल्या, "मला कुठल्या मैत्रिणी? माहेरला होत्या." त्यामुळे त्या "नाही" म्हणत, आणि कागदावर कलंक कमी दिसे. आम्ही तिथे जाऊ, नणंद, शेजारीण, बचत गटातल्या बाया असं लिहिलं.

*कुणी सांगितलं?* "मी कुणाला सांगायचं ते जपून ठरवते." चांगलं वाक्य. एका विधवा ताईंनी ते ऐकलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मी कुठं काय ठरवलं? ह्यांच्या मयतीलाच सगळ्या गावाला कळलं." अशा किती जणी असतील विचार करा. नवऱ्याच्या आजारपणात, बाळंतपणाच्या तपासणीत, दवाखान्याच्या केसपेपरवरून त्यांची बातमी आधीच फुटलेली असते. सांगणं हा त्यांनी घेतलेला निर्णय नसतोच. म्हणून स्केलच्या आधी एक साधा प्रश्न घाला: तुमच्याबद्दल कुणाकुणाला माहीत आहे, आणि त्यांना ते कुणाकडून कळलं?

या प्रश्नाचा आणखी एक उपयोग आहे. ज्याने कुणालाच कळू दिलेलं नाही, त्याचे "घडलेल्या" कलंकाचे गुण शून्याजवळ येतात. कुणाला माहीतच नाही तर वाईट वागणार कोण? नवखा अभ्यासक ते गुण पाहून "या तालुक्यात भेदभाव कमी आहे" असं लिहून मोकळा होतो. तिथे कदाचित भीती इतकी असेल की माणसं गोळ्या डब्यातून काढून साध्या पुडीत बांधून ठेवत असतील. किती जणांना माहीत आहे हे विचारल्याशिवाय तो आकडा वाचूच नका.

*वेगळं ताट.* "तुमचं ताट-वाटी वेगळं ठेवतात का?" हा प्रश्न आम्हाला पक्का भारतीय वाटला होता. उत्तरं आली ती अशी: "मीच ठेवते, पोरांना काय व्हायला नको." "आमच्यात प्रत्येकाचं ताट वेगळंच, नाव घातलेलं." "टीबी झाला तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं." "ते तर पहिल्यापासूनच, आमच्या जातीमुळं मालकाच्या घरी कप वेगळाच असायचा." चारही "हो". त्यातलं एक मुरलेला कलंक, एक घरची रीत, एक वैद्यकीय सल्ला, एक जातिभेद. त्यामुळे प्रश्नाला जोड दिली: "हे कधीपासून, आणि कुणी ठरवलं?" उत्तर कळल्यावरच त्याला गुण द्यायचे की नाही ते ठरायचं.

*नाही म्हणजे काय.* बर्गर यांच्या चाळीसमध्ये दोन वाक्यं उलटी आहेत, आठवं आणि एकविसावं: लाज कधीच वाटत नाही, लपवावंसं कधीच वाटत नाही, या अर्थाची. "मला कधीच लाज वाटत नाही" हे वाक्य मराठीत वाचून दाखवा आणि समोरचा "नाही" म्हणाला की थांबा. "नाही, वाटत नाही" असं तो म्हणतो आहे की "नाही, हे खरं नाही"? आमच्या मुलाखतकारांपैकी दोघी पहिला अर्थ धरत होत्या, एक दुसरा. एकाच उत्तराला उलटे गुण पडत होते. ती चार महिन्यांची माहिती बाजूला ठेवावी लागली त्याचं हे मोठं कारण. तुम्ही वाक्य सरळ करून घ्या आणि तसं केल्याचं लेखात लिहा. मूळ रूपच ठेवायचं असेल तर उत्तर पूर्ण वाक्यात म्हणवून घ्या.

६. उत्तराचे पर्याय

"पूर्णतः सहमत, अंशतः सहमत" ही भाषा सरकारी फॉर्मबाहेर कुणी बोलत नाही. आम्ही शेवटी ठेवले: अगदी खरं, थोडं खरं, फारसं खरं नाही, अजिबात खरं नाही. अक्षरओळख नसलेल्यांसाठी एका पुठ्ठ्यावर चार पेले काढले: भरलेला, अर्ध्याहून जास्त, तळाशी थोडं पाणी, रिकामा. बोट ठेवायचं. त्याआधी सरावाला आजाराशी संबंध नसलेली दोन वाक्यं घ्या, म्हणजे "मला चहा आवडतो", "मला प्रवासाचा कंटाळा येतो" अशी. सरावातच चारपैकी फक्त टोकाचे दोन पेले वापरले जात असतील, तर खऱ्या प्रश्नांतही तसंच होणार हे धरून चाला आणि सरळ "हो-नाही" वर या.

७. कोण विचारतं, कुठे बसून

एआरटी सेंटरच्या खोलीत, दार अर्धं उघडं, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलगी विचारते: "दवाखान्यात कुणी वाईट वागलं का?" उत्तर काय येणार? "नाही हो, सगळे चांगले आहेत." पुढच्या महिन्याच्या गोळ्या तिथूनच घ्यायच्या असतात.

शक्य असेल तर मुलाखती एचआयव्हीसोबत जगणाऱ्या प्रशिक्षित माणसांकडून घ्या, आणि जागा सेंटरच्या आवाराबाहेरची निवडा. पण त्यातही निवड द्या. काहींना आपल्यातला माणूस नको असतो, कारण तो आपल्याच तालुक्यातला निघू शकतो. "तुमच्याशी कुणी बोललेलं चालेल?" असं आधी विचारा. बाईशी बाईने बोलावं. तृतीयपंथी किंवा समलिंगी पुरुषांसाठी त्यांच्या संस्थेच्या माणसांना सोबत घ्या. देहविक्री करणाऱ्या बायांसाठीही तेच. त्यांच्या उत्तरात कुठला बोल आजारासाठी लागला आणि कुठला धंद्यासाठी, हे वेगळं काढणं बाहेरच्याला जमत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. सेंटरला येणारा माणूस म्हणजे येऊ शकलेला माणूस. ज्यांना लाजेने गाडी बदलून दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं किंवा ज्यांनी औषधच सोडलं, ते तुमच्या यादीत नाहीत. तुमचा आकडा त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. तसं स्पष्ट लिहा.

८. आकडे: विश्वसनीयता

इथे थोडक्यात, कारण आकडेवारी शिकवणारे बरेच आहेत.

क्रॉनबाख आल्फा ०.७० च्या वर आला की मुलं पेढे वाटतात. आल्फा एवढंच सांगतो की वाक्यं एकमेकांच्या सुरात आहेत. वाक्यं जास्त असली की तो आपसूक वाढतो. चाळीस वाक्यांवर चांगला आल्फा येणं अवघड नाही. ०.९५ च्या वर गेला तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली जाते आहे का ते पाहा. आमच्या बाद केलेल्या माहितीचाही आल्फा चांगला होता. आजींनी "अस्वच्छ" चा अर्थ आंघोळ घेतला, हे आल्फाला कधीच कळलं नसतं. प्रत्येक उपविभागाचा आल्फा वेगळा काढा.

पुनर्चाचणीसाठी, म्हणजे त्याच माणसाला तेच पुन्हा विचारून उत्तरं टिकतात का ते पाहण्यासाठी, साधारण दोन आठवड्यांचं अंतर सांगतात. आपल्याकडे माणूस पुढच्या गोळ्या न्यायला येतो तेव्हाच भेटतो. मधल्या काळात घरी काही घडलं का ते विचारून ठेवा, नाहीतर आयुष्यातला खरा बदल तुमच्या स्केलच्या खात्यावर मांडला जाईल.

घटक विश्लेषणासाठी, म्हणजे कुठली वाक्यं एका गटात पडतात ते पाहण्यासाठी, वाक्यामागे पाच ते दहा माणसं हा ढोबळ हिशोब. तरी दोनशेच्या खाली जाऊ नका. वैधतेसाठी, म्हणजे स्केल जे मोजायचं तेच मोजते का ते पाहण्यासाठी, नैराश्याची प्रश्नावली सोबत घ्या, पीएचक्यू-९ मराठीत आहे. मुरलेला कलंक जास्त तिथे नैराश्य जास्त दिसायला हवं. मात्र नवव्या प्रश्नात जीव देण्याच्या विचाराबद्दल विचारतात. त्याचं उत्तर "हो" आलं तर त्याच क्षणी फॉर्म बाजूला ठेवून काउन्सिलरला बोलवा. याची तयारी नसेल तर ती प्रश्नावली वापरू नका.

साधनं: माहिती भरायला कोबो टूलबॉक्स, मोबाइलवर नेटशिवाय चालतं, विश्लेषणाला आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं लव्हान पॅकेज. कोबोची साधी योजना फुकट, आर आणि लव्हानही फुकट. सांकेतिक क्रमांकांची वही मात्र कागदावरच आणि कुलपात.

९. दोन गटांची तुलना करण्याआधी काटा तपासा

पुणे आणि बेंगळुरू, बाया आणि पुरुष, मराठीतली मुलाखत आणि हिंदीतली. सरासरी काढून "इथे जास्त, तिथे कमी" लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याआधी मेजरमेंट इन्व्हेरियन्स तपासावं लागतं. बाजारातल्या दोन दुकानांच्या काट्यांवरून समजून घ्या.

पहिली पायरी: दोन्ही दुकानांत वजनच मोजतात ना? एकीकडे वजन आणि दुसरीकडे लांबी मोजत असतील तर तुलना संपली. म्हणजे दोन्ही गटांत त्याच वाक्यांचे तेच गट पडतात का. दुसरी: दोन्हीकडचा किलो सारखाच भरतो का. म्हणजे कलंक एका मापाने वाढला की वाक्याचं उत्तरही दोन्ही गटांत तितकंच हलतं का. तिसरी: रिकामं पारडं दोन्हीकडे शून्यावर उभं राहतं का. एका दुकानाचा काटा आधीच शंभर ग्रॅम पुढे असेल तर तिथला माल नेहमी जास्तच दिसणार. तिन्ही पायऱ्या पार केल्या तरच सरासऱ्यांची तुलना करा. लव्हानमध्ये एकेक पायरी घट्ट करत जायचं, सीएफआय (मांडणी माहितीला किती जुळते हे सांगणारा आकडा) ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर थांबायचं, हा प्रचलित नियम.

अडकलात तर घाबरू नका. कुठलं वाक्य अडतं आहे ते शोधा आणि या लेखातल्या पाचव्या पायरीच्या (कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यूच्या) वहीत त्या वाक्यावर लोक काय बोलले होते ते वाचा. आमचं अडलेलं वाक्य "लोक" या शब्दाचं होतं. शहरातल्या चाळीतल्या माणसासाठी लोक म्हणजे ओळखीचे-अनोळखी सगळेच. गावातल्या माणसासाठी भावकी. भावकीची धास्ती वेगळीच असते, त्यात जमिनीचा वाटा असतो, मुलीचं लग्न असतं. तेवढं एक वाक्य दोन्ही गटांच्या तुलनेतून वगळलं आणि बाकीची तुलना करता आली.

मराठी एकच आहे असंही धरू नका. कोल्हापूरला तपासलेला मसुदा चंद्रपूरला किंवा सिंधुदुर्गात नेताना पाचवी पायरी पुन्हा करा, निदान आठ-दहा जणांसोबत. अहिराणी किंवा गोंडी घरात बोलली जाते तिथे तर मराठी ही दवाखान्याची भाषा. तिथे नव्याने भाषांतरच करावं लागेल.

१०. निकाल परत न्या

प्रबंध जमा झाला की बहुतेक जण इथेच थांबतात. ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्या संघटनेच्या मासिक बैठकीला वेळ मागा, लेख छापायला पाठवण्याआधी. गावागावांचे आकडे वेगळे दाखवू नका. छोट्या गावात "एक विधवा, वय ३०-३५, अंगणवाडीत काम" एवढ्यावर माणूस ओळखू येतो, म्हणून अशा रांगा एकत्र करून टाका. आम्ही गेलो तेव्हा तक्ते दाखवून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका दादांनी विचारलं, "तुमच्या कागदात आमच्या पोरांचं काहीच नाही का? शाळेत त्याला वेगळं बसवतात ते?" नव्हतं. आम्ही घेतलेल्या दोन्ही स्केलमध्ये आपल्या मुलांच्या वाट्याला काय येतं याबद्दल एकही वाक्य नव्हतं आणि चौदा महिन्यांत आमच्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्या बैठकीत मुलांबद्दलची सहा वाक्यं तिथल्यांनीच सांगितली. ती वेगळ्या कागदावर उतरवून घेतली आहेत, अजून तपासलेली नाहीत. तुम्ही स्केल मागायला फोन केलात तर तो कागदही सोबत पाठवते. त्यावर पाचव्या पायरीपासून काम सुरू करा.